सरावाला लावलेल्या खोंडाचे हिमोग्लोबिन उतरले : दोष पळण्याचा, वैरणीचा की मोजण्याचा?

माणदेशी_दावण (प्रश्न)

नमस्कार. माझ्या दावणीला खिलार जातीचे दोन खोंड आहेत. दोन्ही एकाच वळूचे, वयात जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर, आणि आज दोघेही सुमारे वीस महिन्यांचे, म्हणजे अजून आदत (दुधाचे दात न पडलेले). सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींची वाट पुन्हा मोकळी केल्यापासून आमच्याकडे जनावर लवकर सरावाला लावण्याची घाई वाढली आहे, आणि त्या घाईत मीही सापडलो हे आधीच कबूल करतो. दिवाळीनंतर थोरल्याला सरावाला लावले आणि धाकट्याला मोकळे ठेवले. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोघांचे रक्त सुरुवातीला आणि पाच आठवड्यांनी तपासून घ्यावे, असे मनात आले. त्या तपासणीनेच मला कोड्यात टाकले आहे.

थोरल्याचे हिमोग्लोबिन १०.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरवरून ८.३ वर आले, तांबड्या पेशींचा टक्का (पीसीव्ही) ३१ वरून २५ वर आला आणि पेशींची संख्या मायक्रोलिटरमागे ६२ लाखांवरून ५० लाखांवर आली. रक्तद्रवातील एकूण प्रथिने ६.४ होती ती ५.९ झाली आणि त्यांतले अल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन २.९ वरून २.५ वर उतरले. मोकळ्या राहिलेल्या धाकट्याचे हिमोग्लोबिन मात्र ९.८ वरून ९.६ इतकेच हलले, आणि त्याची एकूण प्रथिने ६.३ ची ६.२ झाली. दोघांची गव्हाण सारखीच आहे. प्रत्येकाला दिवसाला चार किलो ज्वारीचा कडबा, पाच किलो हिरवा मका, एक किलो गव्हाचा भुसा आणि मीठ मिळते. थोरल्याला त्याशिवाय जाणत्यांच्या सांगण्यावरून रोज पाच अंडी पाजतो. त्याचा सराव असा : रोज सकाळी तीन किलोमीटर चालणे, दिवसाआड चारशे मीटरचे दोन जोरदार फेरे आणि आठवड्यातून दोनदा शेततळ्यात पोहणे. त्याच्या छातीचा घेर ५४ इंच आणि लांबी ४८ इंच भरते. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६० या नेहमीच्या सूत्राने वजन २१२ किलो येते. पाच आठवड्यांपूर्वी ते २०२ च्या आसपास होते.

आणखी एक गोष्ट, कदाचित निरुपयोगी असेल. पहिल्या वेळी रक्त काढताना दोघांनीही फार दंगा केला आणि दोर टाकून तीन माणसांनी धरावे लागले. दुसऱ्या वेळी थोरला माणसाळल्यामुळे शांत उभा राहिला, धाकट्याने मात्र पुन्हा तितकाच गोंधळ घातला.

व्यायामाने रक्त वाढते असे आपण समजतो. मग वाढत्या वयातल्या, खात्यापित्या, वजन वाढवणाऱ्या जनावराचे रक्त व्यायामाने कमी कसे झाले? हा प्रथिनांचा तुटवडा समजावा काय?

---

तांबडी_पेशी

मी प्राण्यांच्या शरीरक्रियाशास्त्रात काम करते, मात्र माझे काम बहुतांश प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आहे. त्यामुळे गुरांविषयी मी जे लिहीन ते येथील पशुवैद्यकांनी तपासून घ्यावे.

आपण निरुपयोगी म्हणून शेवटी टाकलेली गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लीहा हे तांबड्या पेशींचे राखीव कोठार आहे. जनावर घाबरले, झटापट करू लागले किंवा पळाले की अ‍ॅड्रेनॅलिनमुळे प्लीहा आकसते आणि तिच्यातील दाट, पेशींनी भरलेले रक्त वाहत्या रक्तात येते. घोड्यात हे सर्वांत ठळक दिसते, कारण विश्रांतीत ४० टक्क्यांच्या आसपास असलेला त्याचा पेशींचा टक्का जोरदार धावण्यात ६० च्या पुढे जातो. गुरांत हा फरक इतका मोठा नसतो, पण दोर टाकून तीन माणसांनी धरलेल्या खोंडात तो काही टक्क्यांचा सहज असू शकतो. म्हणजे थोरल्याचा पहिला आकडा झटापटीने फुगलेला आणि दुसरा शांतपणाचा आहे. धाकट्याचे दोन्ही आकडे फुगलेले आहेत, म्हणूनच ते एकमेकांशी जुळतात. आपण त्याला तुलनेसाठी ठेवले ही गोष्ट उत्तम झाली, परंतु तो सरावाविना राहिला तसाच माणसाळल्याविनाही राहिला, आणि हे दोन फरक आता एकमेकांत मिसळले आहेत.

तरीही सगळी घट अशी समजावता येणार नाही. प्लीहेतून येणारे रक्त मुख्यतः पेशींचे असते, त्यामुळे रक्तद्रवातील प्रथिनांचे प्रमाण तिच्या आकसण्याने फारसे बदलत नाही. आपल्या थोरल्यात मात्र एकूण प्रथिनेही ६.४ वरून ५.९ वर आली आहेत, तेव्हा तिथे दुसरे काहीतरी घडते आहे.

त्यातले पहिले म्हणजे रक्त पातळ होणे. सराव सुरू झाल्यावर काही दिवसांतच मूत्रपिंडे पाणी आणि सोडियम धरून ठेवू लागतात, रक्तद्रवाचे आकारमान दहा ते वीस टक्क्यांनीही वाढू शकते आणि तांबड्या पेशी तेवढ्याच असूनही प्रत्येक डेसिलिटरमागे कमी दिसतात. धावपटूंमध्ये याला रक्तक्षय समजण्याची चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. हा आजार नव्हे. उलट पातळ रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून सहज फिरते आणि हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त ढकलता येते. पेशींची एकूण संख्या वाढायला मात्र आठवडे नव्हे, तर महिने लागतात, म्हणून मधल्या काळात आकडा खाली असतो. परंतु नीट पोसलेल्या जनावरात हे पाणी एकटे येत नाही. त्याला वाहिन्यांत धरून ठेवण्यासाठी यकृत जास्तीचे अल्ब्युमिन रक्तात सोडते, आणि त्यामुळे प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. आपल्या खोंडात पाणी वाढले पण अल्ब्युमिन मागे पडले, असे दिसते. माझ्या दृष्टीने प्रथिनांच्या तुटवड्याची खूण हिमोग्लोबिनच्या आकड्यात नसून इथे आहे.

आता थोडे गणित करू. गुरांची तांबडी पेशी सुमारे १३० ते १६० दिवस जगते. मधला १४५ हा आकडा घेतला, तर पाच आठवड्यांत जुन्यांपैकी साधारण २४ टक्के पेशी मरतील. त्याच काळात खोंडाचे वजन पाच टक्क्यांनी वाढले आहे, म्हणजे रक्ताचे आकारमानही तेवढे वाढले असे धरू. वाढत्या जनावराचा खरा पेच इथेच आहे, कारण प्रौढ बैलाला फक्त मेलेल्या पेशींची जागा भरायची असते, तर खोंडाला मोठ्या होत जाणाऱ्या भांड्यात रक्ताची दाटीही तीच राखायची असते. तेव्हा आकडा स्थिर राहण्यासाठी अस्थिमज्जेने या काळात मुळाच्या २९ टक्के इतक्या नव्या पेशी घडवायला हव्या होत्या. हिमोग्लोबिनची १९ टक्क्यांची घट केवळ निर्मिती मंदावल्याने झाली असे मानायचे, तर ती गरजेच्या एक तृतीयांशावर आली होती असे म्हणावे लागेल. वजन वाढवणाऱ्या, गव्हाण चाटून पुसून खाणाऱ्या जनावरात इतकी घसरण मला पटत नाही.

आपल्या पेशींचा सरासरी आकार दोन्ही वेळी सुमारे ५० फेम्टोलिटर निघतो, आणि पेशीतील हिमोग्लोबिनचे प्रमाणही ३३ टक्क्यांवर स्थिर आहे. म्हणजे पेशी नेहमीच्याच आकाराच्या आणि नेहमीइतक्याच भरलेल्या आहेत, फक्त कमी आहेत. लोहाचा जुना तुटवडा असता तर त्या लहान आणि फिक्या झाल्या असत्या.

---

गोठा_ते_घाट

मी तीस वर्षे पशुवैद्यकीय सेवेत होतो. वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण माझा क्रम वेगळा राहील. आपल्याकडे खोंडाचे रक्त उतरले की प्रथिने आणि प्लीहा यांच्या आधी गोचीड आणि जंत आठवले पाहिजेत. थायलेरिया, बॅबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हे तिन्ही गोचिडांमार्फत येणारे रक्तातले परोपजीवी आहेत, आणि थोडा संसर्ग असलेले देशी जनावर ताप न दाखवताही महिनोन्‌महिने वावरते. सरावाचा ताण पडला की तो संसर्ग डोके वर काढतो. कानाच्या टोकाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्त पसरून तपासून घ्या आणि शेणही तपासा. चौथ्या पोटातला हिमाँकस हा जंत रक्त पितो आणि त्याबरोबर रक्तद्रवही वाया घालवतो. म्हणून त्याच्यात तांबड्या पेशी आणि अल्ब्युमिन दोन्ही एकत्र घसरतात. आपल्या अहवालाचे चित्र याच्याशीही तंतोतंत जुळते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

खाण्यातली दोन कारणे विचारून ठेवतो. कांद्याचे भाव पडले की आपल्याकडे टाकाऊ कांदा गुरांपुढे ओतला जातो. कांद्यातील गंधकाची संयुगे तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन बिघडवतात, पेशी फुटतात आणि लघवी तांबूस-कॉफीसारखी होते. पाळीव जनावरांत गुरे याला विशेष बळी पडतात. दुसरे म्हणजे सरकी. आपण ती देत नाही असे दिसते, पण रक्त वाढावे म्हणून आता कोणीतरी हमखास सरकी पेंड सुचवील. तिच्यातले गॉसिपॉल लोहाला धरून ठेवते आणि तांबड्या पेशींचे आवरण नाजूक करते. मोठ्या जनावराचे पोट त्यातले बरेचसे निष्प्रभ करते, पण लहान वासरांना ती घालूच नये आणि खोंडांनाही बेताने घालावी.

आता गव्हाणीचा हिशेब करू. चार किलो कडब्यात कोरडा भाग साडेतीन किलोंच्या आसपास आणि त्यात प्रथिने फार तर चार टक्के, म्हणजे १४५ ग्रॅम. पाच किलो हिरव्या मक्यात कोरडा भाग एक किलो आणि प्रथिने ८० ग्रॅम. एक किलो भुशातून १४० ग्रॅम. एकूण ३६५ ग्रॅम प्रथिने, साडेपाच किलो कोरड्या खाद्यात. हे प्रमाण ६.६ टक्के पडते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या खाद्यात प्रथिने सात टक्क्यांखाली गेली की पोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते, त्यांच्याकडून कडब्याचे धागे नीट पचत नाहीत आणि जनावर पोटभर खाऊनही अर्धपोटी राहते. दोनशे किलोंच्या वाढत्या खोंडाला साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम प्रथिने लागतात, आणि सरावाचा घाम व स्नायूंची झीज त्याहून वेगळी. धाकट्याचीही प्रथिने ६.२ वरच अडकली आहेत, ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. तुटवडा दोघांनाही आहे, मोकळ्याचा तो झाकला गेला आणि पळणाऱ्याचा उघडा पडला, असे माझे मत आहे.

उपाय महागडा नाही. रोज अर्धा किलो शेंगदाण्याची पेंड दिल्यास दोनशे ग्रॅम प्रथिने वाढतात, आणि चार किलो हिरवी लसूणघास दिल्यास आणखी दीडशे. पेंड बुरशी धरलेली नसावी, कारण तिच्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताला मारते आणि अल्ब्युमिन यकृतच बनवते. कडबा किलोभर कमी करा. तांबे असलेले खनिज मिश्रण द्या, कारण तांब्याशिवाय साठ्यातले लोह अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही.

---

वेसण

आमच्या घरात तीन पिढ्या शर्यतीची जनावरे आहेत, तेव्हा शास्त्र न जाणताही एक शंका विचारतो. अंडी, बदाम, दूध आणि उडदाची डाळ घालून तयार केलेले बैल आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या अंगावरचे तेज कडब्यावरच्या बैलात नसते. प्रथिने जितकी जास्त तितके रक्त चांगले, असे का म्हणू नये? आणि पाच अंड्यांनी या खोंडाला काहीच कसे झाले नाही?

---

गोठा_ते_घाट

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पाचांत तीस. तेवढी प्रथिने पाऊण पाव शेंगपेंडीतही नव्हे, तर मूठभर पेंडीत, पंचाहत्तर ग्रॅममध्ये मिळतात. शिवाय अंड्यातल्या प्रथिनांचा जो दर्जा माणसाच्या पोटात उपयोगी पडतो, तो खोंडाच्या पहिल्या पोटात बराचसा मोडून जातो, कारण तिथले सूक्ष्मजीव बहुतेक प्रथिनांचे अमोनियात रूपांतर करतात आणि त्यातून स्वतःच्या शरीराची प्रथिने बनवतात. आतड्यात मुख्यतः ते सूक्ष्मजीवच पचतात. बैलाच्या बाबतीत आपण बैलाला नव्हे, तर त्याच्या पोटातल्या जिवांना खाऊ घालत असतो. त्या जिवांना अमोनियाबरोबर पिष्टाचीही गरज असते, म्हणून नुसती पेंड वाढवून भरड धान्य न दिल्यास अमोनिया रक्तात शिरतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. जास्त प्रथिनांनी रक्तातला युरिया वाढलेला दिसेल, हिमोग्लोबिन नव्हे. तुमच्या घरच्या बैलांचे तेज खोटे नाही, पण ते बदामाचे की बदाम परवडणाऱ्या घरात मिळणाऱ्या एकूण निगराणीचे, हे सांगणे अवघड आहे.

---

तांबडी_पेशी

या विषयाचा जुना इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण प्रश्नातले कोडे नेमके हेच होते.

जपानमध्ये क्योटो येथील हिसातो योशिमुरा यांनी जोरदार सरावाच्या सुरुवातीला येणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये त्याचा आढावा प्रसिद्ध केला. (हेच योशिमुरा युद्धकाळात मांचुरियातील ७३१ क्रमांकाच्या तुकडीत कैद्यांवरील हिमदंशाच्या प्रयोगांत सामील होते. त्यांचे नाव घेताना हे लपवणे मला योग्य वाटत नाही.) त्यांचे म्हणणे असे होते की सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत तांबड्या पेशी नाजूक होऊन अधिक फुटतात, त्यातून सुटलेली प्रथिने आणि लोह शरीर वाढत्या स्नायूंसाठी आणि नव्या पेशींसाठी वापरते, आहारात प्रथिने कमी असतील तर घट मोठी होते, आणि ती पुरेशी असतील तर घट टळते किंवा पुसट होते. थोडक्यात, शरीर रक्त मोडून मांस बांधते. पाय आपटण्याने वाहिन्यांत पेशी फुटतात हे तर १८८१ पासून, एका जर्मन सैनिकाच्या लाल लघवीच्या नोंदीपासून ठाऊक आहे. पण पोहायला लावलेल्या उंदरांतही पेशींची मोड दिसल्यामुळे सगळा दोष पायांवर टाकता येत नाही. आपला थोरलाही शेततळ्यात पोहतोच.

हे चित्र आकर्षक आहे, पण दोन ठिकाणी मला ते अडखळते. पहिली अडचण प्रमाणाची आहे. आपल्या खोंडाच्या अंगात बारा लिटरांच्या आसपास रक्त आणि त्यात सुमारे बाराशे ग्रॅम हिमोग्लोबिन धरू. मेलेल्या पेशींची भरपाई आणि वाढ मिळून त्याला दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन घडवावे लागते. त्याच दिवशी त्याचे वजन २८५ ग्रॅम वाढते आणि त्यात प्रथिने पन्नास ग्रॅम तरी असतात. गव्हाणीतून येणाऱ्या ३६५ ग्रॅमपुढे दहा ग्रॅमची मागणी किरकोळ आहे, आणि जुन्या पेशींचे लोह व अमिनो आम्ले तर शरीर परत वापरतेच. तेव्हा अस्थिमज्जेला विटा कमी पडल्या, असे म्हणणे कठीण आहे. उलट शरीर रक्ताला झुकते माप देते, हे जॉर्ज व्हिपल यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते. रक्तक्षयावर यकृत खाऊ घालण्याच्या संशोधनासाठी ज्यांना १९३४ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले तेच हे व्हिपल. त्यांनी पुढे कुत्र्यांमधले हिमोग्लोबिन आणि रक्तद्रवातील प्रथिने दोन्ही उपसून कमी केली आणि मग त्यांना मोजके प्रथिन खाऊ घातले, तेव्हा शरीराने रक्तद्रवापेक्षा हिमोग्लोबिन अधिक घडवले. आपल्याकडे अल्ब्युमिन १४ टक्क्यांनी उतरले आहे, त्याला मी म्हणूनच अधिक महत्त्व देते.

दुसरी अडचण संकेताची आहे. १९६४ मध्ये राइसमन या संशोधकांनी दाखवले की प्रथिनविरहित आहारावरच्या उंदरांत एरिथ्रोपॉयेटिन हे मूत्रपिंडातून येणारे संप्रेरकच कमी होते, आणि ते बाहेरून दिले तर त्याच उपाशी उंदराची अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागते. विटा होत्या, हुकूम नव्हता. प्रथिने तुटली की चयापचय मंदावतो, प्राणवायूची मागणी घटते आणि मूत्रपिंड हुकूम देणे कमी करते. पण आपला खोंड तर पळतो आहे, त्याची प्राणवायूची मागणी वाढली आहे. म्हणजे एकीकडून तुटपुंजा आहार हुकूम दाबतो आणि दुसरीकडून सराव तो मागतो. व्यायाम आणि प्रथिने यांचा परिणाम वेगवेगळा मोजून त्यांची बेरीज करता येत नाही, ती दोन्ही एकाच मूत्रपिंडापाशी येऊन भिडतात.

उंदरांचे निष्कर्ष गुरांना लावताना काळाचे भान मात्र ठेवावे लागेल. उंदराची तांबडी पेशी साठ दिवस जगते, म्हणून निर्मिती मंदावली की दोन-तीन आठवड्यांत आकडा पडतो. खोंडात तेच चित्र दिसायला दुपटीहून अधिक वेळ लागेल. शिवाय उंदराच्या रक्तात कोवळ्या जाळीदार पेशी (नुकत्याच घडलेल्या तांबड्या पेशी) नेहमी सापडतात आणि त्यावरून अस्थिमज्जेचा वेग कळतो, तर निरोगी मोठ्या गुरांच्या रक्तात त्या जवळजवळ नसतातच. आपल्या खोंडाच्या काचपट्टीवर त्या दिसल्याच, तर मी मोडतोड किंवा रक्तस्राव समजेन. न दिसल्या तर माझे मत पातळपणाकडे झुकेल.

---

वेसण

म्हणजे पुढची तपासणी कधी आणि कशी करावी, एवढे तरी एका वाक्यात सांगा.

---

गोठा_ते_घाट

सकाळी, सरावाच्या आधी, पाणी पाजण्यापूर्वी, आदल्या दिवशी जोराचा फेरा न झालेला असताना, मानेच्या शिरेतून, जांभळ्या टोपणाच्या नळीत आणि त्याच प्रयोगशाळेत. त्याआधी आठवडाभर दोघांनाही रोज त्या जागी बांधून मान चोळत जा, म्हणजे सुईच्या दिवशी प्लीहा शांत राहील.

---

माणदेशी_दावण

सर्वांचे आभार. आठ आठवड्यांनी लिहितो आहे, कारण हातात काही असल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

कांदा कोणत्याही जनावराच्या पुढे गेला नव्हता. थोरल्याची काचपट्टी परोपजीवींच्या बाबतीत स्वच्छ निघाली आणि जाळीदार पेशीही दिसल्या नाहीत. शेणात मात्र दोघांच्याही जंताची अंडी सापडली. दोघांनाही जंताचे औषध दिले, अर्धा किलो शेंगपेंड आणि चार किलो लसूणघास सुरू केली, कडबा एका किलोने कमी केला, खनिज मिश्रण जोडले आणि अंडी बंद केली. सराव थांबवला नाही, पण जोरदार फेरे आठवड्यातून दोनच ठेवले. रक्त सांगितल्याप्रमाणे शांतपणे, सकाळी काढले, आणि या वेळी धाकट्यालाही आठवडाभर आधी सवय लावली होती.

थोरल्याचे हिमोग्लोबिन ९.६, पेशींचा टक्का २९, एकूण प्रथिने ६.७ आणि अल्ब्युमिन ३.१ आले. धाकट्याचे हिमोग्लोबिन ९.४ आणि एकूण प्रथिने ६.६ आली. चांगला खुराक मिळूनही धाकट्याचे हिमोग्लोबिन ९.६ वरून किंचित खालीच गेले, हे वाचून मी क्षणभर गोंधळलो. मग लक्षात आले की या वेळी तो पहिल्यांदाच शांत उभा होता.

---

तांबडी_पेशी

धाकट्याचा तो आकडा मला सगळ्या अहवालात अधिक आवडला. झटापटीचा फुगवटा निघून गेला आणि खुराकाने तो जवळजवळ भरून काढला, असे मी वाचते. दोघांचीही प्रथिने वर आली, म्हणजे तुटवडा खरोखर दोघांचा होता. पण थोरल्याचे हिमोग्लोबिन पेंडीने चढले, जंत गेल्याने चढले, फेरे कमी केल्याने चढले, की पातळ झालेले रक्त वेळ जाईल तसे आपोआप पेशींनी भरत आले म्हणून चढले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आपण अनेक गोष्टी एकदम बदलल्या. एकेक बदलून पाहिली असती, तर या धाग्याला खरे उत्तर मिळाले असते.

---

गोठा_ते_घाट

अभ्यास म्हणून आपले म्हणणे रास्त आहे. पण शेणात जंताची अंडी दिसत असताना केवळ कारण वेगळे कळावे म्हणून मी औषध दोन महिने लांबवायला सांगितले नसते, आणि या गुरुजींनीही ते ऐकले नसते. ज्यांना पेंडीचा परिणाम सुटा पाहायचा असेल, त्यांनी जंत काढलेले, माणसाळलेले आणि एकाच वयाचे चार खोंड घ्यावेत आणि दोघांनाच पेंड घालावी. चौघांचेही रक्त पावसाळ्यापूर्वी तपासून संपवावे, कारण त्यानंतर गोचीड पुन्हा वाढतील आणि सगळा हिशेब बिघडवतील.

---

माणदेशी_दावण

चार खोंडांची वैरण मला परवडणार नाही. या दोघांचे रक्त मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा काढतो आहे. त्याआधी धाकट्यालाही रोज तीन किलोमीटर चालायला नेऊ लागलो आहे. फेरे नाहीत, पोहणे नाही, नुसते चालणे. त्याचे आकडे आले की इथेच लिहीन.